तांबड्या संघाचा चार नंबर

कबड्डीचा शर्ट पुढून फाटत नाही. काखेत फाटतो, खांद्यावर फाटतो, नाहीतर पाठीला. चढाई करून गडी मागं वळला की त्याला धरायला हात मागून येतात. कपडे ओढायचे नाहीत असा नियम आहे, पण पाच-सहा जण एकावर पडले की हातात कपडा येणारच. हे मला खेळून कळलेलं नाही. फाटलेले शर्ट शिवून शिवून कळलं.

उंब्रजला हायवेच्या खालच्या अंगाला आमचं शिलाईचं दुकान आहे. आधी ते माझ्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं होतं. ते गेल्यावर माझं झालं. मी चौथी शिकलेली. पुढं शाळेत घातलं नाही याचं मला कधी दुःख झालं नाही, कारण शाळा मला आवडत नव्हती. मशीन आवडली. मालकांनी मला काजं-बटणं करायला बसवलं आणि पुढं माझी शिवण त्यांच्यापेक्षा बरी झाली. हे त्यांनी कबूल केलं नाही, पण अवघड काम माझ्याकडे सरकवायला लागले.

त्यातलं अवघड काम म्हणजे शेजारच्या गावच्या कबड्डी संघाचे शर्ट. संघाचं खरं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या एक गट येऊन म्हणेल आमच्या काकांचं नाव का नाही, आणि दुसरा गट म्हणेल त्यांचं का आहे. पंचक्रोशीत त्याला तांबडा संघ म्हणतात, तेवढं पुरे.

तांबडा का, तेही सांगते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी पोरं उघड्या अंगानं खेळायची. मग एका स्पर्धेत बनियनची सक्ती झाली. सासऱ्यांनी पांढऱ्या बनियनी आणून कढईत तांबड्या रंगाच्या पाण्यात उकळून काढल्या. पहिल्याच सामन्यात घामानं रंग सुटला. पलीकडच्या पोरांचे हात तांबडे झाले आणि पंचांनी म्हणे हात बघून कोण बाद ते ठरवलं. मी हे पाहिलेलं नाही. सासरे सांगायचे, आणि सासरे वाढवून सांगायचे.

माझ्या वेळी इचलकरंजीचं सुती कापड यायचं. ते घाम पितं, अंगाला धरतं आणि सुईचं ऐकतं. गळा अंगासरशी ठेवायचा, कुणाची बोटं आत जाता कामा नयेत. बगल खोल कापायची, म्हणजे हात लांब टाकताना शर्ट वर चढत नाही. बाजूला ढिलाई नको, पण छातीही आवळायची नाही, कारण त्या गड्याला एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत जाऊन परत यायचं असतं. खांद्याला आतून पट्टी आणि शिवण दोनदा. एवढंच. यात गुपित काही नाही, फक्त कंटाळा करायचा नाही.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नग होती. वजनी गटाच्या स्पर्धा असायच्या. बजरंग नावाचा एक आडदांड पोरगा मला शर्ट आवळून शिवायला सांगायचा, वजन कमी दिसेल म्हणून. मी म्हटलं, बाबा, काट्याला डोळे नसतात. तो उपाशी राहायला लागला आणि एका सामन्यात चढाईला जाऊन मधल्या रेषेवरच बसला.

संघाचे अध्यक्ष अण्णा. धोतर, पांढरी टोपी, शिट्टी गळ्यात. पलीकडच्या एका गावाचे शर्टही मीच शिवते हे त्यांना कळलं. एका सकाळी दुकानात येऊन बसले, हवापाण्याचं बोलले, आणि मग हळूच म्हणाले, "भाभी, त्येंच्या बगला जरा ढिल्या सोडा की. तुमचं काय जातंय?"

"माझं नाव जातंय, अण्णा."

"आवं, बगलंत नाव कुणाला दिसतंय?"

"ज्याची फाटेल त्याला."

अण्णा हसले. त्या वर्षी आम्ही त्याच गावाकडून हरलो. मग अण्णा चार लोकांत सांगत फिरले की आपण खेळात हरलो न्हाई, भाभीच्या शिवणीनं हरलो. मला ते आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही.

आता नंबराची गोष्ट. हे सगळं लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

मालकांनी फार पूर्वी मांजरपाटाचे नंबर कापले होते, एकापासून बारापर्यंत, मराठी आकड्यांत. कापड दुहेरी, मध्ये खळ. शर्ट दोन हंगामांत विरायचा, नंबर विरायचा नाही. म्हणून नवे शर्ट शिवले की जुने नंबर उसवून त्यांच्यावर लावायचे. काटकसर म्हणून सुरू झालं आणि पुढं त्याची रीत झाली. खेळणं सोडणारा गडी दसऱ्याच्या सकाळी आपला शर्ट धुऊन आणायचा. त्याच्या जागी येणारा पोरगा कोरा शर्ट घेऊन यायचा. दोघांनी माझ्यासमोर बसायचं. मी एकावरून उसवून दुसऱ्यावर शिवायची, आणि शेवटचा धागा जुन्या गड्यानं दातानं तोडायचा. मग नवा पोरगा त्याच्या पाया पडायचा. नंबर गेलेला शर्ट ज्याचा त्याला. तो घालून पोरं उसाला पाणी पाजायची, त्यानंच मोटारसायकल पुसायची. सगळा मान नंबराला.

बारांत चार हा कापायला आणि शिवायला सगळ्यांत वाईट. वर दोन टोकं, मध्ये एकमेकींवरून गेलेल्या पट्ट्या, खाली वेढा. वेढ्याची आतली कड बारीक टाक्यानं बसवावी लागते.

हा चार नंबर विजयकडे होता. विजय सुलाचा एकुलता एक. सुला माझ्या दुकानाच्या पायरीशेजारी भाजीचा गाळा लावते, लग्न होऊन आल्यापासून. तिचा नवरा पोरगा लहान असतानाच गेला. विजय अंगानं बारीक होता, पण चढाईला गेला की मान वर करून सरळ पळायचा, लाजबीज नाही. शर्ट फाटला की दुकानात फेकायचा आणि म्हणायचा, "चाची, सांच्याला पायजे." मी म्हणायची, तुझ्या आईला सांगते उद्धट झालास म्हणून. आई तिथंच बसलेली असायची. ती म्हणायची, सांगा की, माझं तरी कुठं ऐकतोय.

वडूजला मामाकडं गेला होता. परत येताना हायवेवर गाडीनं उडवलं, त्यात तो गेला. चूक कुणाची ते शेवटपर्यंत ठरलं नाही. त्याचा शर्ट माझ्याकडे होता, खांद्यात उसवलेला. मी तो शिवून घडी करून ठेवला होता. न्यायला कुणी आलं नाही.

अण्णांनी त्या हंगामात चार नंबर कुणाला दिला नाही. मागायलाही आले नाहीत. दसरा आला. सकाळी पोरं जमली, नंबरांची अदलाबदल चालू होती, आणि सुला पायरी चढून आत आली.

"भाबी, ईज्याचा शर्ट हाय का?"

"आहे की. घेऊन जा."

"न्याया न्हाई आले. नंबर काढा."

मी तिला खाली बसवलं. म्हटलं, असू दे, घरी ने, ट्रंकेत ठेव. त्याची तेवढी आठवण राहील.

"ट्रंकंत ठिवून काय करू? कसर खाईल. आन् त्यो घरात बसून ऱ्हाणारा हुता का? खेळू द्या त्याला."

अण्णांनी टोपी काढून हातात धरली. एका नव्या पोराला पुढं बसवलं. मी उसवलं, शिवलं. धागा तोडायची वेळ आली तेव्हा शर्ट सुलाकडे दिला. तिनं तोडला. पोरगा तिच्या पाया पडला, तर ती त्याला म्हणाली की पळताना खाली बघत जाऊ नकोस.

त्यानंतर सुला सामन्यांना जायला लागली. आधी कधी जात नसे. आमच्याकडे कबड्डीला बायका बसत नाहीत, म्हणून सोबत म्हणून मी जायची. लोक बाजूला, मधल्या रेषेजवळ बसतात, तिथून चढाई नीट दिसते. सुला तिथं बसायची नाही. आमच्या संघाच्या अंगणामागं जाऊन बसायची. तिथून आपला गडी चढाईला निघाला की त्याची पाठ दिसते. अर्ध्यावर अंगणं बदलली की ती उठायची आणि सगळ्या मैदानाला वळसा घालून पलीकडं जाऊन बसायची. पहिल्यांदा पोरं हसली. मग कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, कारण पुढं दोन्ही बाजूंना तिला बसायला पोतं अंथरलेलं असायचं.

ती ओरडायची नाही, टाळ्या वाजवायची नाही. चार नंबर चढाईला निघाला की हातातलं खाली ठेवायची. तो गडी मारून मधली रेषा ओलांडून परत आला की एकच शब्द बोलायची. "आला." तोही मला सांगायला नाही.

चार नंबर पुढं बऱ्याच पोरांच्या अंगावर गेला. कुणी फौजेत गेलं, कुणाचं लग्न झालं आणि बायकोनं खेळणं बंद केलं. सुला प्रत्येकाची चाल ओळखून होती. हा वाकून पळतोय, ह्याचा डावा पाय आधी पडतोय, असं मला सांगायची. ज्याच्याकडे चार असेल त्याच्या घरी अधूनमधून मेथीची जुडी जायची. देणाऱ्यानं काही म्हटलं नाही आणि घेणाऱ्यानं विचारलं नाही.

अण्णा म्हातारपणानं गेले. आता अध्यक्ष सचिन आहे. त्याचे जेसीबी आहेत, हाताशी पैसा आहे. तो वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटेल. त्यानं पोरांसाठी मॅट आणली, नवा हॉल बांधला. त्या हॉलमध्ये संघाच्या जुन्या वस्तूंचं एक दालन करायचं ठरलं. ढाली, चषक, फोटो, अण्णांची शिट्टी. जुने शर्ट मागायला तो माझ्याकडे आला. शर्ट कुठले असायला? ते तर उसात आणि मोटारसायकलींवर संपले.

"मग चाची, जुन्या पद्धतीचे चारपाच शिवून द्या. चहाच्या पाण्यात बुडवलं की जुनंच दिसतंय."

मी म्हटलं, रंग उडवून देते, पण घाम कुणाचा आणू? तो हसला आणि तो विषय सोडला. पण जाताना दुसरं सांगून गेला. आता शर्ट पंजाबकडून छापून येणार. नंबर, नाव, दूध डेअरीची जाहिरात, सगळं कापडातच. तेव्हा जुने बारा नंबर दालनात, काचेच्या कपाटात लावायचे. आमचं काम गेलं हे त्यानं बोलून दाखवलं नाही आणि मीही नाही. आता मी शाळेचे गणवेश उंचीला वाढवते आणि साड्यांना फॉल लावते.

सुलानं हे पायरीवरून ऐकलं होतं. सचिन गेल्यावर ती आत आली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"भाबी, चार तेवढा काचंत घालू नगा म्हणावं."

मी सचिनकडे गेले. त्याला वाटलं म्हातारीला मान कमी पडतोय. म्हणाला, काकूंच्या हातानंच फीत कापायची ठरलीय, विजयचा मोठा फोटो लावतोय, खाली नाव. मी त्याला सरळ सांगितलं की तिला फोटो नको आहे, फोटो घरात आहे. तिला तो पळताना पाहिजे. सचिन बराच वेळ मोबाईलशी चाळा करत बसला. मग म्हणाला, एक शर्ट कोऱ्या पाठीचा मागवतो. त्या वेळी चार ओमकारकडे होता. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय, चाची. त्याच नंबरावर खेळलोय की."

शर्ट आला. माशाच्या अंगासारखा गुळगुळीत. ते कापड ताणतं, मांजरपाट ताणत नाही. दोन्ही एकत्र शिवले की एक ओढतं आणि दुसरं अडून बसतं. मी सुलाला आणि सचिनला दोघांनाही सांगितलं की हे टिकायचं नाही. आतून अस्तर दिलं, टाका बारीक घेतला, कडा दोनदा फिरवल्या. सामने सुरू झाले. टिकलं. सुला आपल्या जागी, मी तिच्या शेजारी. बाकी सगळ्यांच्या पाठीवर चकचकीत इंग्रजी आकडे, आणि एकाच्या पाठीवर मळकट मराठी चार. लांबूनही ओळखू यायचा.

मग कराडकडच्या एका स्पर्धेत ओमकार चढाईला गेला. एकाला पाय लावला आणि वळला. मागून एका पोरानं झेप घेतली. त्याचा हात पाठीवर पडला आणि बोट चारच्या खालच्या वेढ्यात गेलं. कड उचलली गेली होती. त्या पोरानं मुद्दाम केलं नाही, त्यालाच बोट काढता येईना. ओमकार पुढं ओढतोय, कापड ताणतंय, नंबर सुटत नाही. त्यात तो फिरला आणि हात अंगाखाली येऊन खांद्यावर आपटला. पंचांनी शिट्टी वाजवली आणि कपडा ओढला म्हणून त्याला नाबाद दिलं. नाबाद दिलं तरी खांदा निखळायचा तो निखळला.

सुला उभी राहिली होती. तो ओरडत होता आणि ती तशीच उभी.

खांदा बसवला डॉक्टरांनी, पण भरतीच्या चाचणीत गोळा फेकायला तो हात उठेना. ओमकारचं भरतीचं ते वर्ष गेलं. मी बघायला गेले तेव्हा त्याच्या आईनं चहा दिला आणि नंबराचा विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुलानं भाजी मांडली नाही. थेट दुकानात आली. ओमकारच्या घरून शर्ट मागून आणला होता. माझ्या मशीनवर ठेवला.

"काढा."

मी म्हटलं, दुसऱ्या कापडावर बसवून बघू, सचिनला सांगून एक सुती शर्ट तेवढा...

"काढा, भाबी. दुसऱ्याचं लेकरू धरून ओढाय लागलोय आपुन."

मी उसवायला घेतलं. ती समोर बसून बघत होती. निम्मे टाके आधीच तुटले होते, फार वेळ लागला नाही. नंबर निघाला तेव्हा मी विचारलं, घरी नेतेस का? तिनं मान हलवली. म्हणाली, सचिनला द्या, त्याची एक जागा मोकळी ऱ्हायली असंल.

दालनाचं उद्घाटन झालं. पाहुणे आले, भाषणं झाली. सुलाला शाल दिली, नारळ दिला, फीत तिच्या हातानं कापली. आत सगळं नीटनेटकं होतं. मुलामा उडालेले चषक पॉलिश करून ठेवलेले. कपाटात तांबड्या मखमलीवर बारा नंबर ओळीनं टाचलेले, वरून दिवे. चारच्या वर विजयचा फोटो, मान वर केलेला. मी शिवलेल्या टाक्यांची भोकंसुद्धा त्या उजेडात मोजता आली असती. सुला काचेसमोर उभी राहिली. मागं लोक खोळंबले. सचिन तिच्याजवळ येऊन म्हणाला, काकू, बरं दिसतंय न्हवं? ती म्हणाली, बरं दिसतंय. त्याचा जीव भांड्यात पडला.

बाहेर आलो. चपला शोधताना तिनं माझा दंड धरला.

"भाबी, त्येच्यामागं पाठच न्हाई."

मी तिची चप्पल शोधून दिली.

सामने अजून होतात. कुठं आहेत, कधी आहेत, पोरं दुकानात येऊन सांगून जातात. पोतं अंथरून ठेवतो म्हणतात. सामन्याच्या दिवशी सुला गाळा लावते. मेथी, कोथिंबीर, वांगी मांडते, वर पाणी मारते. दुपारनंतर सगळा गाव मैदानाकडं गेलेला असतो आणि रस्त्यावर गिऱ्हाईक नसतं. तरी ती उठत नाही.